मापाचं मूल

"तुमच्या वर्गातलं सगळ्यांत जास्त लक्ष देणारं मूल कोणतं?" पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकानं विचारलं, आणि खरमाटेबाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"कार्तिकी खिलारे," त्या म्हणाल्या.

तांबळवाडीच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसत आणि दोन्ही यत्ता खरमाटेबाईंकडेच होत्या. एका बाजूला गुणाकार, दुसऱ्या बाजूला नकाशा. एकीकडे तोंड वळवलं की दुसरीकडे बाजार भरायचा. वीस वर्षं असा जोडवर्ग हाकून बाईंचा घसा बसला होता तो बसलाच होता. अशा गोंधळात कार्तिकी तेवढी पहिल्या बाकावर, मधोमध, बाईंच्या तोंडाकडे बघत बसायची. शेजारच्यानं वेणी ओढली तरी तिची नजर हलत नसे. अशी पोरगी वर्गात असली की मास्तरणीला आपण काहीतरी शिकवतोय असा धीर येतो. बाईंचा तिच्यावर जीव होता, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

प्रशिक्षकाचं नाव चिन्मय. पोरसवदा, गोड बोलणारा. त्यानं फळ्याच्या वर ताटलीएवढी पांढरी चकती बसवली, शेजारी एक पडदा लावला, मुलांच्या सरावासाठी थोडे टॅब दिले आणि बाईंच्या टेबलावर एक टॅब ठेवला. चकतीचं नाव 'अवधान'. पुढच्या बाकावर कार्तिकीला बसवून बाईंना त्यानं एक गोष्ट सांगायला लावली आणि चकती तेवढा वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच, मॅडम. आता हे मूल तुमच्या वर्गाचं माप."

चिन्मयनं मग ते समजावून सांगितलं, आणि बरं सांगितलं. माणूस मन लावून ऐकतो तेव्हा त्याच्या पापण्या कमी लवतात. डोळ्यातली बाहुली मोठी होते, कारण मेंदूला कष्ट पडू लागले की त्याची खूण तिथं उमटते. कातडीखालून वाहणाऱ्या रक्तामुळे चेहऱ्याचा रंग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं, आणि त्यावरून मन शांत आहे की भरकटलंय हे कळतं. अडचण एकच. सगळीकडची मुलं लक्ष देताना सारखी दिसत नाहीत. कुठलं मूल मान डोलावतं, कुठलं भुवया आवळतं, कुठल्या गावात मोठ्यांच्या डोळ्यांत बघायचीच मुलांना सवय नसते. म्हणून प्रत्येक शाळेत एक मूल माप म्हणून धरायचं आणि बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची. तराजू कितीही चांगला असला तरी एका पारड्यात वजन ठेवल्याशिवाय तो काय सांगणार?

बाईंना हे पटलं. तराजू त्यांना लहानपणापासून माहीत होता, त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं.

*

नव्याचे नऊ दिवस म्हणून बाईंनी सुरुवातीला अवधानकडे जरा तिरकंच बघितलं. याआधी शाळेत आलेल्या तीन यंत्रांपैकी दोन कपाटात होती आणि तिसऱ्याच्या खोक्यात मोनाली खिलारे कांदे ठेवायची. मोनाली म्हणजे कार्तिकीची आई. ती शाळेत खिचडी शिजवायची.

पण अवधान कपाटात गेलं नाही. टॅबवर वर्गाचा नकाशा दिसे आणि प्रत्येक मुलाच्या जागी एक टिपका. लक्ष असलं की हिरवा, ढळलं की पिवळा, पार उडालं की तांबडा. बाई चौथीला नद्या शिकवत असताना तिसरीतला कोण पेंगतोय हे त्यांना मान न वळवता कळायला लागलं. रोज सकाळी टॅबवर 'आजची युक्ती' यायची आणि ती खरंच कामाची असायची. फळ्याकडे पाठ करून बोलू नका, तोंड मुलांकडे ठेवा. लिहायचं ते आधीच पडद्यावर तयार ठेवा. बाकांमधून फिरू नका, त्यानं मुलांची नजर विचलित होते. एका जागी उभं राहा. हजेरी पुकारण्यात रोजची सात मिनिटं जातात. चेहरे ओळखून हजेरी आम्ही लावू. श्रुतलेखन घ्यायची गरज नाही. मुलं टॅबवर सराव करतील. टिपके हिरवे असले तर आवाज चढवू नका, हळू बोललात तरी चालेल.

ही शेवटची युक्ती तर बाईंना देवानंच पाठवल्यासारखी वाटली. घशाच्या डॉक्टरनं त्यांना बजावून ठेवलं होतं की असंच ओरडत राहिलात तर एक दिवस आवाज जाईल. बाईंनी आवाज उतरवला. वर्गाचाही उतरला. तांबडा टिपका दिसला की बाई फक्त त्या मुलाचं नाव घेत आणि ते मूल दचकून वर बघे. महिन्याभरात मुलांना कळलं की चकतीला काय हवंय. तिला बाईंकडे लागलेले डोळे हवे होते.

बाईंच्या वर्गात शिवतेज नावाचा एक पोरगा होता. तो खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मध्येच असं काही विचारायचा की बाईंना रात्री घरी पुस्तक उघडावं लागायचं. चंद्र आपल्याबरोबर चालतो तर शेजारच्या गावातल्या माणसाबरोबर कसा चालतो, असलं काहीतरी. त्याचा टिपका पहिल्या महिन्यात कायम तांबडा असायचा. दिवाळीपर्यंत तो हिरवा झाला. त्यानंतर त्यानं काही विचारल्याचं बाईंना आठवत नव्हतं, पण हे त्यांच्या लक्षात आलं ते फार पुढे. त्या वेळी त्यांनी त्याला शाबासकी दिली होती.

*

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मोनाली एकदा मधल्या सुट्टीत दारात येऊन उभी राहिली. हाताला डाळीचं पीठ लागलेलं, ते पदराला पुसत होती.

"बाई, जरा बोलायचं हुतं. कार्तिकीचं."

"बोल की."

"लई आडमुठी झालीया बघा. हाका मारून मारून घसा सुकतो, पर वळून बघत न्हाई. पाठीमागनं कितीबी वरडा. म्होरं जाऊन उभं ऱ्हायलं की मग म्हणती, काय गं आये. कान बी फुटतुया तिचा मधनं मधनं. लसणाचं तेल सोडती मी. मला वाटलं, तुमास्नी इचारावं. ऐकू बिकू कमी येतंय का काय."

खरमाटेबाईंनी तिला आत बोलावलं. त्या मायाळू बाई होत्या, कुणाला दारात ताटकळत ठेवायच्या नाहीत. टॅब उघडून त्यांनी कार्तिकीचं पान दाखवलं. जूनपासूनचा प्रत्येक दिवस तिथं होता, आणि प्रत्येक दिवस हिरवा होता.

"हे बघ. वर्गात तिच्याइतकं मन लावून कुणीच ऐकत नाही. ऐकू येत नसतं तर असं झालं असतं का? ती तर आपल्या वर्गाचं माप आहे."

मोनाली बराच वेळ त्या हिरव्या रांगांकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं, पण रांगा वाचायची गरज नव्हती. रंग दिसत होता.

"मंजे घरीच नखरं करती म्हणायची," ती म्हणाली.

"वय आहे तिचं. लाडावली असेल थोडी. जरा धाकात ठेव," बाई म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघितलं. सुट्टी संपत आली होती.

*

त्या वर्षी तांबळवाडीच्या जोडवर्गाचे आकडे तालुक्यात पहिले आले. ही काही नुसती मिरवायची गोष्ट नव्हती. पटसंख्या कमी असलेल्या शाळा बंद करून मुलांना दूरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं चाललं होतं आणि तांबळवाडीचं नाव त्या यादीत होतं. आकडे आले आणि ते नाव खोडलं गेलं. मुख्याध्यापक डुबल सरांनी स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले. पाठोपाठ चिन्मयचा फोन आला. तांबळवाडीचं माप इतकं स्वच्छ होतं, की आता तालुक्यातल्या सगळ्या शाळांना तेच लावायचं ठरलं होतं. प्रत्येक गावात वेगळं मूल शोधत बसायची कटकट गेली.

"म्हणजे आमची कार्तिकी सगळ्या तालुक्याचं माप?" बाईंनी विचारलं.

"अभिनंदन, मॅडम," चिन्मय म्हणाला.

बाईंनी कार्तिकीला पुढे बोलावून वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या वाजत असताना कार्तिकी मुलांच्या हातांकडे बघत होती, आणि मग तिनंही टाळ्या वाजवल्या.

*

डिसेंबरात एका सकाळी गावची विजेची डीपी जळाली. माणदेशात हे नवं नाही. विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू झाल्या की डीपी जळते आणि मग चार दिवस कुणी फिरकत नाही. चकती बंद पडली. बाईंनी मुलांना उन्हात, आवारातल्या कडुलिंबाशेजारी बसवलं आणि कपाटातून जुनं हजेरीपुस्तक शोधून आणलं. दीड वर्षात ते उघडलंच नव्हतं. उगाचच त्यांना बरं वाटलं. खाली मान घालून, बोटानं एकेक नाव धरत त्यांनी पुकारायला सुरुवात केली.

"आदिती काळेल."

"हजर, बाई."

"कार्तिकी खिलारे."

कुणी बोललं नाही. बाईंनी खाली बघतच पुन्हा नाव घेतलं. तरी कुणी बोललं नाही. म्हणजे आज आलेली नाही, असं म्हणून त्या खूण करणार, तेवढ्यात आदितीचा आवाज आला.

"बाई, तिच्याकडं बघून बोला. ती बघितल्याबिगर ऐकत न्हाई."

बाईंनी मान वर केली. कार्तिकी समोरच होती. झाडावर कसलासा पक्षी होता आणि ती वर बघत होती. आदितीनं तिच्या गुडघ्याला बोट लावलं. कार्तिकीनं झटकन बाईंच्या तोंडाकडे बघितलं, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि म्हणाली, "हजर, बाई."

बाईंनी हजेरीपुस्तक मिटलं. त्या उठल्या आणि सहज फिरत असल्यासारख्या मुलांच्या मागे गेल्या. कार्तिकीच्या पाठीमागे, दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. लसणाच्या तेलाचा वास आला. त्याखाली आणखी एक वास होता, घाण, आणि तो एका दिवसाचा नव्हता. अशा वासाची पोरं त्यांनी पूर्वी पाहिली होती. बाकांमधून फिरत होत्या तेव्हा.

"कार्तिकी," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं. मग घशाची पर्वा न करता ओरडल्या. बाकीची सगळी मुलं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. कार्तिकीनं मुलांना वळताना पाहिलं, आणि मग तीही वळली.

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी मुलांना विचारलं. आवाज फाटला होता.

"व्हय, बाई."

"कधीपासून?"

"दुसरीपास्नं तिला कमी येतंय. आता लईच कमी," आदिती म्हणाली. "आम्ही तिला हात लावून सांगतो की."

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

उत्तर शिवतेजनं दिलं. त्यात काही आगाऊपणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

"आमाला वाटलं, अवधानला ठावं असंल, बाई. तुमीच म्हणाला हुता, त्याला समद्यांचं समदं कळतं."

*

साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे बाई स्वतः मायलेकींना घेऊन गेल्या. डॉक्टर वयस्क होते, फार बोलत नव्हते. कानाच्या पडद्यामागे गाठ वाढली होती. ती हाडं खात जाते. डाव्या कानातली हाडं खाऊन ती आतवर पोचली होती. उजव्यात थोडं शिल्लक होतं. ऑपरेशन करून रोग थांबवता येईल, ते लगेच करायला हवं. गेलेलं ऐकणं मात्र परत येणार नाही.

"दोन वर्षांपूर्वी आला असता तर बरंचसं वाचलं असतं," ते म्हणाले. "शाळेत कुणाच्या लक्षात नाही आलं?"

बाईंनी उलट त्यांनाच एक प्रश्न विचारला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची ऐकताना डोळ्यातली बाहुली मोठी होते का?

"होते ना. आपण सहज ऐकतो, त्याला तेच ऐकायला केवढे कष्ट पडतात. सतत ओठ वाचायचे, पापणी लववायची नाही. संध्याकाळपर्यंत थकून जातात ही मुलं."

एवढ्यानं बाईंना सगळं उमगलं. अवधान खोटं बोललं नव्हतं. त्यानं कष्ट मोजले होते, आणि त्या वर्गात सगळ्यांत जास्त कष्ट खरोखरच कार्तिकीचे होते. तोंड वर्गाकडे ठेवा म्हटलं, तेव्हा तिला ओठ दिसत राहिले. हजेरी बंद झाली, श्रुतलेखन बंद झालं, बाकांमधून फिरणं बंद झालं. पोरीचं दुखणं ज्या ज्या फटीतून बाहेर पडलं असतं ती प्रत्येक फट एकेका युक्तीनं बुजवली होती, आणि बाईंनी त्या सगळ्या आनंदानं पाळल्या होत्या. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणाऱ्या माणसाला लोक हसतात. बाईंना हसायलाही कुणी नव्हतं.

बाहेर बाकावर मोनाली बसली होती. कार्तिकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बाई शेजारी बसल्या.

"मोनाली, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

मोनालीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पोरीच्या केसांतून तिचा हात फिरत होता.

"म्या तिला मारलं, बाई," ती म्हणाली. "तुमी म्हणाला धाकात ठिव. हाक मारून वळली न्हाई की मारायची. कधी लाकडानं बी. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. मला वाटायचं, बघा कशी डोळं वटारून बघती आईकडं."

"तुझा काय दोष..."

"माझा हाय की. मला कळत हुतं. आईला कळतं, बाई. पर तुमी ते हिरवं दावलं, आन मला वाटलं, आपुन अडाणी. त्येला जास्त कळतंय."

ती रागावली असती, भांडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. एस.टी. दहिवडीला पोचेपर्यंत तिनं एकदाही बाईंकडे तोंड वळवलं नाही.

*

डुबल सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. कार्तिकीच्या ऑपरेशनसाठी त्यांनी त्याच दिवशी कुणाकुणाला फोन केले आणि सोय लावली. पण बाईंनी मापाचा विषय काढला, तेव्हा ते उठून दार लावून आले.

"बाई, मुलीचं करू आपण. लागेल ते करू. पण हे वरती कशाला कळवायचं?"

"सर, सगळा तालुका त्या मापावर चाललाय. ऐकू न येणाऱ्या मुलीसारखं जे दिसेल ते हिरवं. खिडकीबाहेर बघून विचार करणारं मूल तांबडं. आपण मुलांना ऐकायला नाही शिकवलं. टक लावायला शिकवलं."

"आणि शाळा?" सर म्हणाले. "त्या आकड्यांवर शाळा वाचली. उद्या म्हणतील, आकडेच खोटे. मग तांबळवाडीची पोरं नऊ किलोमीटर चालत जातील. पोरींना तर घरीच बसवतील लोक. तुम्ही नव्या आहात का इथं?"

बाई नव्या नव्हत्या. सर म्हणत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दोन रात्री त्यांना झोप लागली नाही. आपल्या एका कबुलीनं गावातल्या साऱ्या पोरींची शाळा जाईल, आणि गप्प बसलो तर तालुक्यातल्या कुठल्यातरी वर्गात आणखी एखादी कार्तिकी हिरवी दिसत राहील. दोन्हीकडे पोरीच होत्या. शेवटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती मोनाली, त्या हिरव्या रांगांकडे बघत उभी राहिलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं लिहून पाठवलं, स्वतःच्या सहीनं, स्वतःचं काय चुकलं त्यासकट.

आठवड्यानं चिन्मयचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, फार वाईट वाटलं ऐकून. आम्ही लगेच कारवाई केली आहे."

"माप बदललं?"

"ते आता तसं बदलता येत नाही," तो म्हणाला. "माप आता एका मुलीचं राहिलेलं नाही. तिच्यावरून अवधान तालुक्यातल्या मुलांना जोखत गेलं, आणि मुलं त्याप्रमाणे बसायला शिकली. मग त्या मुलांवरून अवधान पुन्हा शिकलं. दुधात घातलेलं विरजण परत काढून द्या म्हणण्यासारखं आहे ते. आणि खरं सांगू? सगळीकडे आकडे इतके चांगले आहेत की वरच्यांना त्यात बिघाड दिसतच नाही."

"मग कारवाई कसली केली?"

"त्या मुलीला मोजणीतून वगळलंय. तिच्यामुळे आता आकड्यांना धक्का लागणार नाही. तुमच्या शाळेलाही काही होणार नाही, काळजी करू नका."

शाळेला खरंच काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही. डुबल सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि बाईंना चहा पाजला. बाई तो प्यायल्या, पण आपण काय पितोय याची त्यांना शुद्ध नव्हती.

*

फेब्रुवारीत कार्तिकी शाळेत परत आली. डोक्याला पट्टी होती, उजव्या कानात सरकारी यंत्र होतं. ते कुईंकुईं करायचं म्हणून ती बहुतेक वेळ बंदच ठेवायची. येऊन ती आपल्या जागेवर बसली, पहिल्या बाकावर, मधोमध. टॅबवर तिच्या जागी आता करडा टिपका होता. बाकी सगळा वर्ग हिरवागार.

खिचडीच्या वेळी मोनाली आता दारापाशी येत नसे. पातेलं पोरांकडून पाठवायची.

त्या दिवशी चौथीला नद्यांची उजळणी होती. बाई त्यांच्या ठरलेल्या जागी उभ्या राहून बोलू लागल्या. सगळे डोळे त्यांच्यावर होते. किती डोळे, आणि त्यातला एकही लवत नव्हता. शिवतेजचे, आदितीचे, तिसरीतल्या चिमुरड्यांचेसुद्धा. बाई डावीकडे सरकल्या, डोळे डावीकडे सरकले. त्यांना एकाएकी वाटलं की हे चेहरे आपण ओळखतो. प्रत्येक तोंडावर तीच नजर होती, जी त्यांनी दीड वर्षापूर्वी मोठ्या कौतुकानं निवडून दिली होती. कार्तिकीला त्या नजरेची गरज होती, म्हणून ती तिची होती. या पोरांचे कान धडधाकट होते.

बाईंनी खडू उचलला. कित्येक महिन्यांत त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नव्हतं. त्या वळल्या, वर्गाकडे पाठ केली आणि नदीची एक वाकडी रेघ काढत नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आणि आपली माणगंगा समुद्रातून निघते आणि डोंगर चढून वर जाते. समजलं का?"

"हो, बाई," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंचा हात तिथंच थांबला. या पोरांनी माणगंगा पायांनी तुडवली होती. तिच्या कोरड्या पात्रात क्रिकेट खेळून ती मोठी झाली होती. त्यांनी पुन्हा विचारलं, "डोंगर चढून वर जाते. समजलं का?"

"हो, बाई."

त्यांना वळायचं धाडस होईना. टेबलावरचा टॅब कोपऱ्यातून दिसत होता. हिरवा. त्या तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं. कुणाला दिसलं नाही.

मग मागून एक आवाज आला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, जरा मोठा आणि सपाट.

"बाई, तुम्ही काय म्हणालात? मला दिसलं नाही."

बाई वळल्या. साऱ्या वर्गात एकच हात वर होता.